बातमीचे पैसे कोण देतं? माध्यमं, भांडवल आणि वाचकाची जबाबदारी

गोदाकाठ

कुठल्याही मराठी दैनिकाचं शेवटचं पान उघडा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते : अमुक कंपनीसाठी मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केले. संपादकाच्या नावापुढे बहुधा एक चांदणी, आणि चांदणीचा खुलासा : 'पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार'. ही ओळ १८६७च्या 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स' (पीआरबी) कायद्यातून आली. तो कायदा जाऊन २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला, पण सवयीने अनेक ठिकाणी शब्द तेच राहिले आहेत.

या ओळीत एक विचार दडलेला आहे. अंकात काय छापायचं आणि काय गाळायचं, याला एक माणूस जबाबदार आहे आणि त्याचं नाव वाचकाला माहीत असलं पाहिजे. मोबाइलवर बोटाने सरकवत आपण जे वाचतो, त्याच्या तळाशी अशी ओळ नसते. निवड तिथेही होतेच, फक्त निवडणाऱ्याचं नाव नसतं.

म्हणून हा धागा. मालक, संपादक, जाहिरातदार, वार्ताहर आणि वाचक या साखळीत जबाबदारी नेमकी कुठे बसते? 'मीडिया विकला गेलाय' एवढ्यावर थांबू नये ही विनंती. विकलं जातं म्हणजे काय विकलं जातं, कोण घेतं, किती रुपयांचा व्यवहार होतो ते मांडा. उदाहरणं आपल्या नाशिक जिल्ह्यातली असली तर उत्तम.

ब्लँकेट

मग हिशेबानेच सुरुवात करतो. बारा पानी अंक म्हणजे मोठ्या आकाराचे तीन ताव, कारण एका तावावर पुढून-मागून चार पानं बसतात. पान साधारण ३३ बाय ५४ सेंटीमीटर. उलगडलेला ताव ६६ बाय ५४, म्हणजे ०.३५६ चौरस मीटर. तीन तावांचे १.०७ चौरस मीटर. ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) न्यूजप्रिंट धरला तर एका अंकात ४८ ग्रॅम कागद जातो.

किलोला ५० रुपये धरून चालू. कागद झाला २ रुपये ४० पैशांचा. अंकाची किंमत ५ रुपये, त्यातला तिसरा हिस्सा वितरक आणि विक्रेत्याचा धरला तर कंपनीच्या हाती ३ रुपये ३३ पैसे येतात. कागद वजा जाता ९३ पैसे उरले. त्यात शाई, प्लेटा (छपाईचे पत्रे), वीज, पहाटेच्या गाड्या, छपाईतला वाया जाणारा कागद, कामगार, उपसंपादक, वार्ताहर आणि इमारत. (भाव बदलतील, मांडणी बदलत नाही. स्वतःचे आकडे घालून बघा.)

आता प्लेटा. रंगीत पानाला चार लागतात : निळी, किरमिजी, पिवळी, काळी. बारा पानं रंगीत म्हणजे ४८ प्लेटा. तयार प्लेट २५० रुपयांना पडली तर एका रात्रीचे १२,००० रुपये. तीन हजार अंक छापणाऱ्या तालुक्याच्या पत्राला हा बोजा अंकामागे ४ रुपये पडतो, लाखभर छापणाऱ्याला १२ पैसे. दोघांचा संपादक तितकाच प्रामाणिक असेल, प्लेट त्यात फरक करत नाही. छोटी पत्रं बंद का पडली याचं अर्धं उत्तर या एका भागाकारात आहे.

उरलेली रक्कम जाहिरातीतूनच येते. कॅनडाचे माध्यम अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी १९७७मध्ये मांडलं होतं की जाहिरातीवर चालणारं माध्यम वाचकाला बातमी विकत नाही, ते जाहिरातदाराला वाचक विकतं. वरचा हिशेब केल्यावर या वाक्याला सिद्धांत म्हणायची गरज उरत नाही. पाच रुपये देणारा वाचक त्या कारखान्याचा कच्चा माल आहे.

निफाडकर

ब्लँकेट यांच्या मुद्द्याला कांदा जोडतो, कारण वाचक विकला जातो म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो : कोणता वाचक महाग विकला जातो?

बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात चार आकडे असतात. आवक (क्विंटलमध्ये), आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर. समजा लासलगावला एखाद्या दिवशी किमान ३००, कमाल २,१०० आणि सर्वसाधारण १,३५० निघाला. मथळा येतो 'कांदा २१०० रुपयांवर'. कमाल दर हा निवडक ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मिळालेला असतो : एकसारखा आकार, पक्का रंग, कोरडी मान. ज्याचा माल मध्यम आहे त्याचं पत्रकातलं घर 'सर्वसाधारण' हे आहे. तो आकडा बातमीत आलाच तर तिसऱ्या परिच्छेदात.

दुसरी गफलत साठवणुकीची. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा १,००० रुपयांनी विकला जात होता आणि सप्टेंबरमध्ये दर १,५०० झाला की 'दीडपट भाव' असं छापून येतं. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, कांदा वाळतो, सडतो, कोंब धरतो. पाच महिन्यांत ३५ टक्के घट धरली तर १०० किलोचे ६५ उरतात. एप्रिलचेच हजार रुपये हातात यायला सप्टेंबरचा दर १,५३८ पाहिजे. म्हणजे दीडपट भावाच्या बातमीतला शेतकरी तोट्यात आहे, चाळ बांधायचा, निवडायचा आणि गाडीभाड्याचा खर्च तर मोजलाच नाही.

आता वजन बघा. शहरातलं चौघांचं घर महिन्याला ५ किलो कांदा खातं असं धरलं आणि किरकोळ भाव ३०चा ६० झाला, तर घराचा खर्च १५० रुपयांनी वाढला. शंभर क्विंटल मालाच्या शेतकऱ्याला क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले तर ५०,००० गेले. पहिली गोष्ट पहिल्या पानावर येते, दुसरी आतल्या. संपादक शेतकऱ्यांचा वैरी असतो म्हणून असं होत नाही. फ्लॅट, गाडी आणि मोबाइलची जाहिरात देणाऱ्याला दीडशे रुपये जास्त देणारं घर हवं असतं. चाळीसमोर उभा असलेला माणूस त्याच्या यादीत नसतो.

आणि हे मथळ्यापाशी थांबत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला संपलं. शहरात भाव चढल्याची ओरड जेवढी मोठी, तेवढा सरकारला निर्णय घेणं सोपं. आमच्याकडे आवकेच्या दिवशी लिलाव बंद पाडला जातो, तेव्हा कुठे कॅमेरा पिंपळगावपर्यंत येतो.

ठिणगी

निफाडकर, सगळं पटलं. म्हणूनच वाचकाची जबाबदारी या शब्दावर माझा आक्षेप आहे. हिशेब भांडवलाचा, नफा भांडवलाचा आणि जबाबदारी पाच रुपये देणाऱ्याची? धरणाचं पाणी कारखान्याला सोडायचं आणि घरातल्यांना सांगायचं की दात घासताना नळ बंद करा, तशातला हा प्रकार. व्यवस्था बदलायची असेल तर मालकीवर बोला.

कलम एकोणीस

मालकीवर या देशात बोलून झालं आहे, आणि ते प्रकरण मराठी आहे. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालचा पहिला वृत्तपत्र आयोग १९५२ ते १९५४ या काळात बसला. मोठ्या भांडवलाची पत्रं कमी किमतीत जास्त पानं देऊन छोट्यांना संपवतात, हे ब्लँकेट यांनी वर मांडलं तेच दुखणं आयोगासमोर होतं. त्यांनी किंमत आणि पानं यांची सांगड घालायची शिफारस केली. १९५६चा कायदा आणि १९६०चा आदेश त्यातून आला : अमुक किमतीला इतकीच पानं, आणि जाहिरातीच्या जागेवरही नियंत्रण.

'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांत रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं देत होता. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ देता आली असती. पानं कमी करा नाही तर किंमत वाढवा. कंपनी आणि तिच्याबरोबर दोन वाचक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९६१मध्ये कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. कारण असं : किंमत वाढली की खप घटतो, जाहिरात घटली की किंमत वाढते, आणि खप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. एकाला बोलायला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याचा आवाज कापता येणार नाही.

१९७२मध्ये न्यूजप्रिंटच्या वाटपावरून दहा पानांची मर्यादा आली, तीही चार विरुद्ध एक अशा बहुमताने गेली. तो एक म्हणजे न्या. के. के. मॅथ्यू. त्यांचा भिन्नमताचा निकाल या धाग्यावरच्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यांचा रोख असा की अभिव्यक्तिस्वातंत्र्य मालकाच्या छापखान्यापुरतं बघू नका, वेगवेगळी मतं ऐकायला मिळण्याचा समाजाचा हक्कही त्यात आहे, आणि धोका फक्त सरकारकडून येतो असं धरू नका.

ठिणगी, बहुमताचा निकाल चूक होता असं मी म्हणणार नाही. पानं मोजायचा अधिकार सरकारच्या हाती दिला की टीका करणाऱ्याची पानं आधी कापली जातात. पण त्या निकालाने छोट्या पत्राचा प्रश्न सुटला नाही, तो फक्त न्यायालयाबाहेर आला. आज तो आपल्यासमोर पडला आहे.

मेघना_पंचवटी

यात एक नाशिकचीच तारीख घालते. काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३०ला. बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' पैशाअभावी नोव्हेंबर १९२९मध्ये थांबलेलं होतं आणि 'जनता' निघालं नोव्हेंबर १९३०मध्ये. म्हणजे पंचवटीत हजारो लोक दारापुढे बसले होते, नेमके ते महिने या दोन पत्रांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडले. त्या काळातल्या बातम्या बहुतेक दुसऱ्यांच्या छापखान्यातून आल्या. 'मूकनायक' १९२०मध्ये निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे वर्गणी का पुरली नाही, हे क्वचित विचारतो.

हेच बाबासाहेब जानेवारी १९४३मध्ये पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात म्हणाले की या देशात पत्रकारिता एके काळी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे आणि साबण बनवण्यापेक्षा जास्त नैतिक कार्य तिच्याकडे उरलेलं नाही. वर्गणीदारांच्या जिवावर पत्र चालवून बघितलेल्या माणसाचं हे निदान आहे, म्हणून त्याला वजन आहे.

ठिणगी, आता तुमच्या आक्षेपाकडे येते. दोष आणि जबाबदारी हे दोन वेगळे शब्द ठेवले तर गुंता सुटतो. आयरिस यंग या राजकीय तत्त्वज्ञ बाईंनी ही फोड फार नेटकी केली आहे. दोष मागे बघतो : कोणी केलं, पकडा, शिक्षा करा. जबाबदारी पुढे बघते : ज्या व्यवहारातून अन्याय तयार होतो त्यात माझा हात लागतो, तर तो बदलायला मी इतरांबरोबर काय करणार? यात वाटा सारखा नसतो. ज्याची ताकद जास्त, ज्याला फायदा जास्त, त्याचा वाटा जास्त. आणि ज्याचं नुकसान होतं त्याचाही वाटा असतो, कारण नेमकं काय बदलायला हवं ते त्याला सर्वांत आधी कळतं. वाचक दोषी नाही. पण कमाल दराचा मथळा तोच पुढे पाठवतो.

कायद्याच्या बाजूनेही ही फोड दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही, तसा दोघांचा समान हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. निकाल बरोबरच आहे. दोष नाही. तरी सोसायटीच्या ग्रुपवर खोटं फिरत असताना थांबवायची पहिली संधी अ‍ॅडमिनलाच असते.

ठिणगी

दोष आणि जबाबदारीची फोड मान्य. शब्द मागे घेतो. पण 'इतरांबरोबर' हा भाग सोडू नका, एकट्याने पेपर बदलल्याने काही हलत नाही.

ब्लँकेट

एक कडी राहिली : वार्ताहर. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीच्या शुभेच्छा, नेत्यांचे वाढदिवस. ज्या सभापतीच्या कारभारावर मार्चमध्ये लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाची पाव पान जाहिरात फेब्रुवारीत आणायची. जाहिरातीचा दर कॉलम सेंटीमीटरवर असतो. आठ कॉलमी पानावर पाव पान म्हणजे चार कॉलम रुंद आणि सुमारे २५ सेंटीमीटर उंच, म्हणजे १०० कॉलम सेंटीमीटर. दराने गुणा आणि त्याच्यावर कमिशन काढा, म्हणजे सभापतीविरुद्धची एक बातमी त्या घराला कितीला पडते ते कळेल. इथे धमकीची गरजच नसते. पुढच्या वर्षीची जाहिरात येणार नाही, एवढं पुरतं.

कलम एकोणीस

हाच व्यवहार निवडणुकीत मोठा होतो. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराची, चर्चा देशभर गाजली आणि २०१०मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल दिला. ओळखायच्या खुणा अशा : दोन स्पर्धक पत्रांत शब्दशः तोच मजकूर, बातमीदाराचं नाव नाही, विरोधकाचं एकही वाक्य नाही, अक्षरं किंवा कॉलमची रुंदी बाकी पानापेक्षा किंचित वेगळी. एका खुणेवरून आरोप करू नका. दोन पत्रांतला तोच मजकूर हा सर्वांत भक्कम पुरावा.

तक्रार जिल्हा माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीकडे करायची, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी कार्यालयात. वेळ फार महत्त्वाचा : प्रसिद्धीपासून किंवा तक्रार मिळाल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जायची असते आणि त्याला उत्तराला ४८ तास मिळतात. म्हणून कात्रण लगेच न्या. सिद्ध झालं तर सरकारी जाहिरात दराने खर्च काढून तो उमेदवाराच्या खात्यात टाकतात. विधानसभेची मर्यादा ४० लाखांची असल्याने हे उमेदवाराला बोचतं.

निवडणूक नसताना प्रेस कौन्सिल. आधी संपादकाला लेखी कळवायचं, उत्तराची वाट बघायची, मग तक्रार. दैनिक-साप्ताहिकासाठी मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत आहे. संपादकाला पत्रच लिहिलेलं नसेल तर तक्रार अडकते. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, निषेध करू शकतं, दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

गोदाकाठ

मालकी बघायची एक जुनी वाट सांगतो. जुन्या कायद्याखालच्या १९५६च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'नमुना ४' छापावा लागायचा. त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदार-भागधारकांची नावं असायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यातले जुने अंक वाचनालयात काढायचे, आतल्या पानाच्या कोपऱ्यात चौकट सापडते. बांधकाम, शिक्षणसंस्था, कारखाना, पक्ष यांतलं कोण त्या यादीत आहे ते लिहून ठेवा. नाव कंपनीचं असेल तर त्या कंपनीमागचे संचालक शोधावे लागतात, तिथे बहुतेक जण थांबतात.

आणि 'वाचकाने पूर्ण किंमत द्यावी' हा उपाय पुढे आला की माझ्यासमोर सातपूर-अंबडचा कंत्राटी कामगार येतो. पूर्ण किंमत १२ रुपये धरली, तर तसा अंक तो रोज घेणार नाही. पण आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहे. १२ रुपयांचा एक अंक दिवसभरात २५ जणांनी वाचला तर माणशी ४८ पैसे पडतात. ठिणगींचं 'इतरांबरोबर' माझ्या मते इथून सुरू होतं. सोसायटी, कंपनीची कँटीन, अभ्यासिका यांनी मिळून जाहिरातीवर न जगणाऱ्या एखाद्या साप्ताहिकाची वर्गणी भरली तर छोट्या पत्राला वर्षाच्या सुरुवातीला रोख मिळते, आणि प्लेटांचा खर्च तिच्यातूनच निघतो.

मेघना_पंचवटी

मोबाइलवरच्या कात्रणांबद्दल. कात्रण कापलं की तीन गोष्टी गळतात : तारीख, आवृत्ती आणि गोदाकाठ यांनी सुरुवातीला दाखवलेली ती तळाची ओळ. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा कांद्याचा भाव आजचा म्हणून फिरतो. फोटो काढताना पानाच्या माथ्यावरची फोलिओची पट्टी चौकटीत घ्या, पत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती तिथेच असते. बातमी पानाच्या तळाला असेल तर दोन फोटो. दुसऱ्याचं कात्रण पट्टीशिवाय आलं तर 'कोणत्या तारखेचं?' एवढंच विचारा. दुहेरी बाण असलेला, म्हणजे अनेकदा पुढे पाठवलेला, संदेश व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, तो अडथळा मुद्दाम घातलेला आहे. तिथे थांबून पट्टी शोधायला अर्धं मिनिट पुरतं.

निफाडकर

संपादकांना पाठवायला मसुदा देतो. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला, ज्याला जी बाजार समिती जवळची ती घालावी :

'मा. संपादक, आपल्या दि. ___ च्या अंकात पान ___ वर कांद्याचा दर ___ रुपये असा मथळा आहे. त्या दिवशीच्या बाजार समितीच्या पत्रकानुसार हा कमाल दर असून सर्वसाधारण दर ___ रुपये होता. पत्रकाची प्रत जोडली आहे. यापुढे मथळ्यात सर्वसाधारण दर द्यावा आणि बातमीत किमान, कमाल व आवक द्यावी, ही विनंती.'

नाव, गाव आणि सही हवी, निनावी पत्राला कोणी विचारत नाही. तीस जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पाच जणांनी वेगवेगळ्या दिवसांची पत्रकं जोडावीत.

ब्लँकेट

निफाडकर, मसुद्यात एक भर घाला : कांदा लाल, रांगडा की उन्हाळ (हे हंगामाप्रमाणे प्रकार) ते लिहायला सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये यातले दोन प्रकार एकाच दिवशी बाजारात असतात आणि बातमीत दोघांचा एकच दर छापला जातो. आणि पत्र संपादकांबरोबरच जिल्हा आवृत्तीच्या प्रमुखांनाही पाठवा, बाजारभावाचं पान तिथेच लागतं.